मंदार फोन घेतोय!

घरातल्या एका ड्रॉवरमध्ये जुने चार्जर कसे साठत जातात बघा. कोणी मुद्दाम गोळा करत नाही आणि कोणाला टाकवतही नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या ऑफिसात आम्ही चार-पाच मराठी मंडळी रोज दुपारी कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर जेवतो, आणि रोज त्या ड्रॉवरमध्ये एखादी भर पडते.

परवा टीममध्ये नव्यानेच आलेली एक मुलगी जेवताना सहज म्हणाली, "मला फोन घ्यायचाय. सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?"

सगळं टेबल एका सुरात ओरडलं, "मंदारला विचारू नकोस!"

का, ते सांगते.

*

मंदार माझ्याच टीममध्ये आहे. मूळचा चिंचवडचा. माणूस हुशार, स्वभावाने सोन्यासारखा, पण कुठलीही वस्तू छापील किमतीला घ्यावी लागली तर त्याला दोन घास कमी जातात. गेल्या वर्षी त्याचा फोन थकला. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की फोन बंद. त्यामुळे तो कायम वायरला लावलेला असायचा आणि मंदार सॅकमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन फिरायचा. त्यातून कॅमेरा बिघडलेला. प्रत्येक फोटोत, प्रत्येक व्हिडिओ कॉलमध्ये मधोमध एक उभी हिरवी रेघ!

त्याची बायको केतकी. तिला तेव्हा सहावा महिना होता. तिची आई नाशिकला असते. आईंची बाळंतपणासाठी इकडे यायची सगळी तयारी झाली होती, आणि ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. म्हणजे पहिलं नातवंड आता व्हिडिओ कॉलवरच बघायचं. केतकीचा स्वतःचा फोन कढीत पडला होता आणि तेव्हापासून त्यातून नुसता आवाज जायचा. सगळी भिस्त मंदारच्या फोनवर.

सोनोग्राफीच्या वेळी मंदारने स्क्रीनचा फोटो काढून सासूबाईंना पाठवला. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन.

"मंदारराव, बाळ गोड आहे हो. पण त्याला ती हिरवी रेघ कसली?"

"आई, ती माझ्या कॅमेऱ्याची आहे."

"डॉक्टरांना दाखवलीत का?"

"अहो आई, कॅमेऱ्याची आहे!"

"ते कळलं मला. पण दाखवून ठेवा!"

त्याच दिवशी केतकीने फर्मान काढलं, "बाळाच्या आधी नवीन फोन घरात आला पाहिजे. माझ्या आईला तिचं नातवंड रेघेशिवाय दिसलं पाहिजे."

"लगेच घेतो," मंदार म्हणाला. "फक्त जरा कम्पेअर करतो."

*

कम्पेअर करण्यासाठी त्याने एक्सेल उघडलं. किंमत, पोस्टेज, वॉरंटी, पॉइंट्स, कूपन असे रकाने. एक रकाना 'मनस्ताप' नावाचा, त्यात दहापैकी मार्क! दर तासाला भाव आपोआप अपडेट व्हावेत म्हणून त्याने कसलेकसले फॉर्म्युले टाकले. महिन्याभरात ती फाइल इतकी जड झाली की उघडली की लॅपटॉप हँग व्हायचा.

मी म्हटलं, "अरे, माझा एक जुना फोन पडलाय घरी. तोवर तो वापर."

"नको गं. हातात फोन असला की घाई राहत नाही. मग निर्णय चुकतो."

दुसऱ्या दिवशी त्या एक्सेलमध्ये एक नवीन शीट दिसली. नाव होतं 'स्वस्त लॅपटॉप'.

*

आमच्या टेबलावरचे सगळ्यात सीनियर म्हणजे बर्वेकाका. जर्मनीत येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे बोलताना मधेमधे जर्मन शब्द पेरतात. मंदार त्यांच्याकडे सल्ला मागायला गेला.

"आल्झो, एक लक्षात ठेव," काका म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टवर फोन घ्यायचा नाही. मी घेतला होता. एक युरोला!"

"एक युरोला? मग वाईट काय त्यात?"

"दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवायचं, नाहीतर पुढे चालू. मी विसरलो. पुढच्या वेळी पत्र पाठवलं, ते म्हणाले मिळालंच नाही. ईमेल म्हणे चालत नाही. फॅक्स चालेल."

"मग?"

"मग मी फॅक्स मशीन घेतलं. रद्द झालं ना कॉन्ट्रॅक्ट! एकदम गेनाऊ, वेळेत!"

मंदारने खूश होऊन टाळी द्यायला हात पुढे केला. काकांनी काही टाळी दिली नाही.

"त्या फॅक्सला लँडलाइन लागते," ते म्हणाले. "तिचं कॉन्ट्रॅक्ट अजून चालू आहे."

*

मग मंदार सेकंड हँडकडे वळला. जुन्या वस्तूंच्या एका वेबसाइटवर त्याला हवं तेच मॉडेल सापडलं. बॉक्ससकट, जवळजवळ नवीन. फक्त विकणारा मुलगा डार्मश्टाटला. मंदारकडे महिन्याचा रेल्वे पास होता, म्हणजे प्रवास फुकट. पण तो पास फास्ट गाड्यांना चालत नाही. शनिवारी सकाळी हा निघाला, दर स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या बदलत, मांडीवर एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन. एका गाडीला उशीर झाला म्हणून पुढची चुकली. जेवणाच्या वेळेला कसाबसा पोचला.

विकणारा निघाला जळगावचा विद्यार्थी. त्याने चहा केला. फोन खरंच छान होता. मंदारने बॉक्स उघडला, आत मूळ बिल होतं, आणि बिलावर नाव होतं बर्वेकाकांचं!

मंदारने तिथूनच काकांना फोन लावला. "काका, तुम्ही फोन विकलात?"

"हो, दीड महिना झाला. अरे, चांगला होता. का रे?"

"मी रोज तुमच्याशेजारी बसून जेवतो! फोन शोधतोय म्हणून रोज सांगतो!"

"तू मला कॉन्ट्रॅक्टचं विचारलंस. फोनचं कुठे विचारलंस?"

त्या मुलाने काकांकडून ज्या किमतीला घेतला होता, त्यापेक्षा तो वीस युरो जास्त मागत होता. मंदारने तत्त्व म्हणून फोन घेतला नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

*

केतकीला आठवा महिना लागला. तिचा नाशिकचा भाऊ वैतागून म्हणाला, "इकडे सेल लागलाय, मीच घेतो फोन." माझा नवरा, नितीन, त्याच सुमाराला नाशिकला गेला होता. परत येताना फोन त्याच्याबरोबर यायचा असं ठरलं. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

नितीन आला. मंदार आणि केतकी आमच्याकडे येऊन बसलेच होते. बॅग उघडली. त्यात डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, खारीक पावडर, बाळाची दुपटी आणि बाळंतविडा. फोन नाही!

नितीन चाचरत म्हणाला, "वजन जास्त झालं होतं. केतकीच्या आईंनी एकेक वस्तू काट्यावर ठेवून बघितली. शेवटी काढायला फोन आणि डिंकाच्या लाडवांचा डबा एवढंच उरलं."

मंदारने सासूबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंदारराव, फोन जर्मनीत मिळतो. डिंकाचे लाडू मिळतात का?"

केतकीने डबा उघडून पहिला लाडू तोंडात टाकला आणि ढसाढसा रडली. आईची किती आठवण येत होती ते त्या दिवशी आम्हाला कळलं. मंदारचं तोंड एवढंसं झालं. डब्याला हात लावत तो मला हळूच म्हणाला, "आता खरंच घेतो."

*

आणि त्याने खरंच घेतला! सोमवारी ऑर्डर, बुधवारी डिलिव्हरी. घरी कोणी नव्हतं, म्हणून पार्सल खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बाउरकडे, म्हणजे बाउरबाईंकडे गेलं. आता आमचा हा भाग श्वाबन लोकांचा. त्यांच्या काटकसरीची अख्खी जर्मनी चेष्टा करते. फ्राऊ बाउर पंच्याहत्तरीच्या, टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतून पुसून वापरणाऱ्या. मंदारचं आणि त्यांचं उत्तम जमतं.

त्यांनी पार्सल दिलं आणि विचारलं, "हा खोका तुम्हाला लागणार आहे का? चांगला मजबूत आहे."

मंदारने आनंदाने खोका देऊन टाकला, फोन घेऊन वर आला आणि सवयीने एक्सेल उघडलं. तोच फोन दुसरीकडे तीस युरोंनी स्वस्त झाला होता!

केतकी म्हणाली, "मंदार, नाही."

पण चौदा दिवसांत परत करता येतो म्हटल्यावर हा कसला ऐकतोय! त्याने सील न फोडता परत पाठवायचं ठरवलं आणि खोका मागायला खाली गेला. खोका जॅमच्या बाटल्या भरून तळघरात गेला होता. फ्राऊ बाउर भल्या बाई. त्यांनी त्याला दुसरा खोका दिला, आलुबुखारच्या जॅमचा जुना. फोन त्यातून परत गेला.

इकडे तो स्वस्तातला फोन संध्याकाळपर्यंत संपला. दुकानाकडून मंदारला ईमेल मात्र आलं. फोन परत मिळाला, पैसे वळते करतोय, पण सोबत आलेल्या जॅमच्या बाटलीचं काय करायचं?

*

त्यानंतर मंदारने फोनमध्ये प्राइस अलार्म लावला. एक ठरावीक आकडा. भाव त्याच्या खाली आला की घंटी वाजणार, आणि ती वाजली की डोळे मिटून फोन घ्यायचा. केतकीने त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली.

पुढचं केतकीनेच मला सांगितलंय, आणि मंदार नाकारत नाही.

मंगळवारी दुपारी केतकी लेबर रूममध्ये. कळा जोरात. मंदार उशाशी, त्याचा फोन एक्स्टेन्शन बोर्डवर, बोर्ड भिंतीत. हेबामे, म्हणजे इथली सुईण, फ्राऊ क्लाइन. साठीच्या, दणकट, अस्सल श्वाबन. सगळं नीट चाललं होतं आणि घंटी वाजली.

"काय वाजलं?" केतकीने विचारलं.

"काही नाही. भाव उतरला."

"मग घे! आत्ताच्या आत्ता घे! आईला..." एवढं म्हणेपर्यंत पुढची कळ आली आणि तिने मंदारचा उजवा हात करकचून आवळला.

मंदारने डाव्या हाताने ऑर्डर भरली. बँकेचं अॅप उघडलं. अॅपने अंगठा मागितला. उजवा!

"केतकी, अंगठा सोड ना. दोन सेकंद."

"नाही!"

"अगं, सातच पीस राहिलेत!"

"हात सोडणार नाही!"

फ्राऊ क्लाइनने मान वर करून विचारलं, "काय चाललंय?" मंदारने अगदी मन लावून सगळं जर्मनमध्ये समजावलं. मॉडेल, अलार्म, अंगठा, सासूबाईंचा गुडघा. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

"कितीला?"

मंदारने आकडा सांगितला.

"थांबा," फ्राऊ क्लाइन म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. अजून उतरेल." मग केतकीकडे वळल्या, "आणि तुम्ही अजिबात थांबू नका. जोर लावा!"

तीन वाजायच्या आत मुलगी झाली. मंदार ओक्साबोक्शी रडला. डोळे पुसत फोटो काढायला वळला तर फोन काळाठिक्कर. गडबडीत त्याच्याच पायात वायर अडकून बोर्ड भिंतीतून निघाला होता. केतकीने लेकीला छातीशी धरलं होतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मंदार, आईला दाखव ना." मंदार सांगतो, त्याला आयुष्यात इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

फ्राऊ क्लाइनने हात धुतले, पुसले, कपाटातल्या पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला. तेच मॉडेल! एक्सेलमधलं, पिवळ्या रंगाने हायलाइट केलेलं!

बाप झाल्यावर मंदारच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य असं, "कितीला घेतलात?"

"मी कुठे घेतला? मी थांबलेच होते. शेवटी नवरा कंटाळला आणि त्यानेच आणून दिला."

आईंचा नंबर केतकीला तोंडपाठ होता. फ्राऊ क्लाइननी तो 'ओमा नाशिक', म्हणजे नाशिकची आजी, या नावाने सेव्ह केला. आईंकडून सुप्रभातचे गुलाब त्यांना अजूनही रोज जातात. परदेशातला अनोळखी नंबर बघून आईंनी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला.

नाशिकला दिवेलागण झाली होती. आई पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि नातीला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश न्याहाळलं. केतकी रडत होती, मंदार रडत होता, फ्राऊ क्लाइन दोन्ही हातांनी फोन धरून उभ्या होत्या. मग आईंनी देवघराकडे वळून हात जोडले.

"मंदारराव, रेघ गेली हो!"