सिंहासाठी टाकलेला शब्द

माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी गीरच्या सहलीचा जेवढा विचार केला, तेवढा गीरच्या सिंहांनी शिकारीचाही कधी केला नसेल. दर वर्षी नवरात्र संपलं की रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बैठक बसायची. घडियाळी पोळातून वकीलकाका यायचे, मागोमाग शाळेतून निवृत्त झालेले मास्तरकाका. वडील आजोबांच्या वेळचा नकाशा जमिनीवर पसरायचे, त्याच्या कोपऱ्यांवर चहाच्या बश्या ठेवायचे, आणि तिघं ओणवे होऊन काठेवाड जिंकायला घ्यायचे.

राजकोटवरून जावं की भावनगरवरून, यात दोन रविवार जायचे. थर्मास कोणी न्यायचा, यात एक. मास्तरकाकांना बाहेरचं पाणी सोसत नसे, म्हणून पाण्यावर आणखी एक. आई आतून चिवडा पाठवत राहायची. थंडी येऊन जायची, उन्हाळा लागायचा, पावसाळ्यात जंगल बंद व्हायचं आणि नकाशा पुन्हा ट्रंकेत जायचा. सहल काही निघाली नाही.

कारण एकच होतं. तिघांचेही बापजादे इथल्या मराठी राजाच्या संस्थानात नोकरीला होते. संस्थान विलीन झालं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग गुजरात झालं. या तिघांच्या ते गावीही नव्हतं. जंगलात जायचं ते सरकारी पाहुणा म्हणून, एवढंच त्यांना ठाऊक. त्यासाठी कोणाकडे तरी शब्द टाकायचा आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसायचं. जंगलाच्या तोंडाशी सासणला परवान्याची खिडकी आहे, कोणीही तिथे जाऊन परवाना घेतं आणि जीपमध्ये बसतं, असं मी एकदा सांगितलं तेव्हा वकीलकाका मनापासून हसले.

"अगं, लाइनीत उभी राहते ती पब्लिक. आपण रीतसर जाऊ ने!"

तर हा शब्द टाकला होता वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या साडूकडे. तो वनखात्यात होता. पुढे त्याची बदली झाली, मग तो निवृत्त झाला, हे तिघांनाही माहीत होतं. तरी शब्द टाकलेलाच होता. तो आता कोण उचलणार होतं, हे विचारण्याची सोय नव्हती.

इथवर मी त्यांना हसण्यावारी नेलं असतं. पण सिंह बघायची खरी इच्छा त्या घरात एकाच माणसाला होती आणि तिला बैठकीत जागा नव्हती. मी लहान असताना आई मला कमाटीबागेत न्यायची. तिथल्या पिंजऱ्यातल्या सिंहाची एका बाजूची आयाळ गजांना घासून घासून पार झिजली होती. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहायची आणि निघताना म्हणायची, "एकदा मोकळा बघायला हवा गं याला." दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी डभोईच्या शाळेत शिकवू लागले त्या सुमारास आईला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. त्या वर्षी पहिल्यांदाच ती बैठकीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, यंदा जाऊ या का? पुढच्या वर्षी मला दिसेल की नाही, माहीत नाही."

तिघांनी नकाशावरून माना वर केल्या. मग वडील म्हणाले, "शब्द टाकलाय ना? असं उतावीळ होऊन कसं चालेल?"

"चिंता नका करू, वहिनी," मास्तरकाका म्हणाले, "एकदम मजेत जाऊ." आणि ते थर्मासकडे वळले.

मी तिला म्हटलं, आपण दोघी जाऊ. ती म्हणाली, "त्यांना टाकून कशी येऊ?" अशी आणखी दोन वर्षं गेली. मग एका रविवारी तिने चहा कपाऐवजी थेट जमिनीवर ओतला. तिघं एकदम हलले. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. त्यांनी घाईघाईने नकाशा उचलला. आईच्या पायावर चहा सांडला होता, तो मी पुसला.

दुसऱ्याच दिवशी मी तिला एसटीत बसवलं. या खेपेला ती नाही म्हणाली नाही. जुनागढला बस बदलली, सासणला खिडकीशी उभ्या राहिलो आणि चहा पिऊन होईस्तोवर परवाना हातात आला. इतक्या वर्षांचं राजकारण ते एवढंच.

सागाच्या झाडीत ड्रायव्हरने जीप थांबवली, ओठांवर बोट ठेवलं आणि हात केला. वडाखाली दोन सिंहिणी पसरल्या होत्या, इतक्या जवळ की एकीच्या कानाभोवतीच्या माश्या दिसत होत्या. आई समोरचा दांडा घट्ट धरून बघत होती, पण भलतीकडेच. मी तिची हनुवटी धरून चेहरा वळवला.

"दिसतंय?" मी कुजबुजले.

"हो," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून टेकून बसली. मला वाटलं, तिचं मन भरलं. मला फार आनंद झाला होता.

पुढच्या रविवारी बैठक भरली. वडिलांनी आईला बोलावून तिथे खुर्चीवर बसवलं, हेही पहिल्यांदाच.

"कसा होता, वहिनी?" वकीलकाकांनी विचारलं.

आईने पदर सारखा केला. "केवढा थोरला होता! झाडाखाली बसला होता. आयाळ अशी दाट. फक्त एका बाजूची जरा झिजलेली."

चिवड्याचा डबा माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. सिंहिणींना आयाळ नसते, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. पण झाडाखाली सिंह नव्हता, दोन सिंहिणी होत्या, हे फक्त मलाच माहीत होतं. मी वडिलांकडे पाहिलं. आयुष्यात कोणाचाही आला नसेल इतका तिटकारा मला त्या माणसाचा आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

ते खुशीत होते. "झालं ना बघून? मग आता आपल्याला घाई नाही," ते म्हणाले, आणि नकाशाचा कोपरा उडत होता म्हणून त्यांनी आईकडे बशी मागितली.