पिवळे तळहात

दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून चिंचवडला एका खोलीत राहायला आलो होतो. सकाळी सायकलवरून कामावर, संध्याकाळी परत. दारावर झडती व्हायची. काडेपेटी, विडी, किल्ली, सगळं बाहेर ठेवायचं. आत गेल्यावर अंगावरचे कपडे उतरवून बिनबटणांचे, नाड्यांचे कपडे घालायचे आणि खिळे नसलेले बूट. कुठं ठिणगी पडू नये म्हणून.

आमची कामाची खोली लहान, भोवती छपराएवढा उंच मातीचा बांध. अशा खोल्या एकमेकींपासून लांब बांधलेल्या. एक उडाली तरी दुसरी शाबूत राहावी. एका खोलीत दोघंच. माझ्या जोडीला दिघीकडचे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. मी त्यांना दादा म्हणायचो. मी स्फोटकाची भुकटी तोलायची, त्यांनी ती काडतुसांच्या छोट्या टोपणांत भरायची. हात चुकू नये म्हणून बोलणं जवळजवळ नव्हतंच. खिडकीतून बांधावरचं गवत तेवढं दिसे.

ती भुकटी पिवळी होती आणि अंगात मुरायची. महिना-दोन महिन्यांत तळहात हळदीसारखे झाले, मग नखं, मग कपाळावरचे केस. साबणानं निघेना. कामाबद्दल बाहेर बोलणार नाही, असं मी लिहून दिलेलं. खानावळीत माझ्या शेजारचा पाट रिकामा राहायला लागला. एके दिवशी मालकांनी माझं ताट वेगळं ठेवलं. "राग मानू नका, लोक विचारतात," म्हणाले. मी मान हलवली आणि जेवलो.

त्याच सुमारास मामांनी स्थळ आणलं. मुलगी मी गावच्या जत्रेत एकदा पाहिली होती. मैत्रिणींत उभी राहून मोकळी हसत होती. तिचे वडील तळेगावला काही कामासाठी आले होते, तिथून माझ्या खोलीवर आले. मी चहा केला. कप देताना त्यांची नजर माझ्या हातावर थांबली.

"कावीळ हाय का तुमाला?"

"नाही. कामामुळं होतं हे."

"काय काम असतंय?"

"ते सांगता यायचं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरीचा बाप हाय मी. मला न सांगून कसं चालंल?"

चहा अर्धा टाकून ते उठले. पंधरा दिवसांनी मामांचं कार्ड आलं. नकार होता. खाली लिहिलं होतं, 'आजार असेल तर मला तरी खरं कळव.' मी उलटटपाली 'प्रकृती ठीक आहे' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादांनी विचारलं, "भाकरीचं फडकं का सोडत न्हाईस?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी घरी ये."

गेलो. त्यांच्या बायकोनं ताटात भाकरी वाढताना माझे हात पाहिले.

"ह्यांच्याच खोलीत असतोस व्हय?"

मी होय म्हणालो.

"मग बस नीट. ठेचा तिखट हाय, बेतानं घे."

तिनं दुसरं काही विचारलं नाही. ठेच्याच्या नावावर मी डोळे पुसून घेतले.

निघताना दादा म्हणाले, "साहेबाकडं अर्ज दे. तू तरणा हायस, पेट्या भरायच्या खात्यात जा."

"आणि तुम्ही?"

"माजं लगीन झालंय की," म्हणाले आणि हसले.

अर्ज मंजूर झाला. नव्या खात्यात वीसेक माणसं होती; गप्पा चालत, चेष्टा चाले. मला त्यात शिरता येईना, बोलायची सवयच गेली होती. पिवळेपणा हळूहळू उतरला. दोन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी लग्न जमलं. तोवर ती हसरी मुलगी सासरी गेली होती.

लग्नाला दादांना बोलवायचं ठरवलं होतं. आमची खाती दोन टोकांना, सुट्टीच्या वेळा वेगळ्या. आज जाऊ, उद्या जाऊ करता राहून गेलं. दिघी काही लांब नव्हती. दादा त्याच खोलीत काम करत राहिले. त्यांच्या जोडीला कोणी नवा माणूस आला, एवढं ऐकलं. तो कोण, कुठला, हे मी कधी विचारलं नाही.