आधी पेज, मग पाणी

वीज जाते. पंख्याची पाती शेवटची एक गिरकी घेऊन थांबतात आणि खोलीतली हवा ओल्या गोधडीसारखी जागच्या जागी बसते. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले आहे. मांडीवर माझी लेक, रिफा. ओढणीचं टोक तिच्या पाठीखालून घेऊन मी माझ्या कमरेशी गाठ मारली आहे, माझा डोळा लागलाच तर ती घरंगळू नये म्हणून. शेजारी स्टीलची वाटी. वाटीत डॉक्टरांनी दिलेल्या पुडीचं पाणी, पाण्यात चमचा.

हे मी नंतर, ती झोपलेली असताना लिहिते आहे. तिनं कूस बदलली की पेन खाली ठेवायचं, एवढीच माझी लिहिण्याची वेळ. पण त्या दुपारचं लिहायला बसलं की ती दुपार अजून संपलेलीच नसते.

तिला जुलाब आणि उलट्या होत आहेत. सकाळी डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "थोडं थोडं पाजत राहा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर लगेच घेऊन या, सलाईन लावू." तेव्हापासून मी तिचा लंगोट चाचपते आहे. कोरडा. एवढ्याशा मनगटात सुई जाणार, ही एकच गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. मघाशी तिनं तहानेनं वाटी ओढून घेतली, मीही मायेनं सगळी पाजली, आणि सगळी उलटून आली. आता ती ओठ मिटून घेते. रडते, पण डोळ्यांत पाणी नाही.

घरात आम्ही दोघीच. आईचा फोन येऊन गेला. "एकेक चमचाच दे गो," ती म्हणाली. "सारंगबाबांच्या रीतीनं."

सारंगबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे आजोबा. इंग्रजांच्या काळात मालवाहू आगबोटींवर ते आगवाल्यांचे सारंग होते. आगवाले म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, आणि सारंग त्यांचा मुकादम. मी जन्मायच्या कितीतरी आधी ते गेले. मी त्यांना फक्त एका फोटोत पाहिलं आहे. डोक्याला फेटा, आणि बसलेले खुर्चीच्या अगदी कडेवर, जणू कोणी ती आत्ता परत मागणार आहे. पण त्यांची रीत म्हणून माझ्या माहेरी अजूनही उन्हातून कोणी आलं की आधी मीठ घातलेली पेज पुढे येते. पाहुणे वैतागतात, "अहो, पाणी तरी द्या!" आमच्याकडचं उत्तर ठरलेलं आहे. आधी पेज, मग पाणी.

मी चमचा तिच्या ओठांना लावते. थांबते. पुन्हा लावते. माझ्या पापण्या जड झाल्या आहेत. वाटीतलं पाणी एका बाजूला कलतं, मग दुसऱ्या. मी तर हललेले नाही. पंखा बंद आहे, तरी फरशीखालून घरघर येते आहे, सावकाश, एकसारखी.

"चमचा भरून नको. अर्धा."

समोर सारंगबाबा बसले आहेत, रिफाच्या खेळण्यांच्या टोपलीच्या कडेवर. प्लास्टिकची टोपली त्यांच्या वजनानं दबत नाही. मला नवल वाटत नाही. फक्त मनात येतं, डोक्यावर ओढणी घ्यायला हवी, आणि ती तर गाठीत अडकली आहे.

"राहू दे गो, गाठ सोडू नको," ते म्हणतात. "मी पण बांधलाय."

त्यांच्या कमरेच्या पटक्याचं दुसरं टोक दाराबाहेर गेलं आहे, ताणलेलं.

"तिकडे कोण आहे?"

"हुसेन. माझा आगवाला. रेड्याएवढा हाय. आग डोक्यात गेली की हे आगवाले शिडीवरून वर पळतात नि समुद्रात उडी टाकतात. गार दिसतो ना समुद्र. म्हणून बांधून ठेवलाय. त्यानं उडी मारली तर मला पण घेऊन जाईल." ते हसतात. "मग पेज कोण करील?"

बोट बुडवून ते वाटीतलं चाखतात. "काय हाय हे?"

"पुडीचं पाणी. मीठ आणि साखर असते त्यात."

"मीठ हाय, मग बरं हाय. तांदूळ कुठं गेला?"

"पुडीत मावत नसेल."

"एवढ्याशा पुडीत काय मावणार," ते म्हणतात आणि उठतात. "बिस्मिल्ला म्हण नि चल. खाली हवा नाय."

मी रिफाला घेऊन दाराबाहेर पाऊल टाकते. आमच्या जिन्याची पायरी लोखंडी आहे. कठडा इतका तापला आहे की हातातल्या बांगड्या चटके देतात. आम्ही उतरतो आणि स्वयंपाकघरात पोचतो. माझंच स्वयंपाकघर, मांडणीवर माझेच डबे, डाळीचा, रव्याचा, झाकण हरवलेला मिठाचा. फक्त ओट्याखाली भट्ट्यांची तोंडं उघडली आहेत आणि आत तांबडं, पांढरं जळतं आहे. उघडी माणसं फावड्यानं कोळसा फेकत आहेत. गॅसवर मोठ्या पातेल्यात पेज रटरटते आहे.

"तांबडा समुद्र," सारंगबाबा सांगतात, जसं कोणी स्टेशनाचं नाव सांगावं.

सिंकच्या खाली हुसेन बसला आहे, पटक्यानं बांधलेला. खरंच रेड्याएवढा. दोन्ही हातांनी त्यानं पोटरी धरली आहे आणि पोटरीत दोरखंडासारखा पीळ दिसतो आहे.

"सारंग, पाणी दे. बादलीभर दे."

"आधी पेज."

"घाल चुलीत तुझी पेज! पाण्यावर असा बसलाय जशी बापाची विहीर हाय. बाई, तुम्ही तरी सांगा याला."

"मघाशी मीही हिला वाटीभर पाजलं," मी म्हणते. "सगळं उलटलं."

"ऐकलास?" सारंगबाबा त्याला करवंटीत पेज ओतून देतात. "रेडा काय नि चिमणी काय. गटागटा प्यायलं की गेलं."

"पण असं का होतं, सारंगबाबा?"

"मला काय ठाऊक? नुसत्या पाण्यानं आखडलेली माणसं बघितली, मीठ-पेजेनं सुटलेली बघितली. आपलं तेवढंच शिक्षण." ते हुसेनच्या ओठांपासून करवंटी काढून घेतात. "पुरे. थांब आता."

"दोन घोट झाले फक्त!"

"म्हणूनच थांब."

आणि एकदम आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात आहोत. बाकावर आगवाले ओळीनं बसले आहेत, कोळशानं काळे, पाय पोटाशी घेऊन. टेबलामागे डॉक्टर नाहीत. तिथे जहाजाचे मालमसाहेब उभे आहेत, कप्तानाच्या हाताखालचे गोरे अधिकारी, कोवळ्या वयाचे, उन्हानं नाकाची सालं निघालेली. त्यांच्यासमोर लाकडी पेटीत बाटल्या आहेत.

"डॉक्टर कुठे आहेत?" मी विचारते.

"मालाच्या बोटीवर कुठला डॉक्टर? ही पेटीच डॉक्टर," सारंगबाबा म्हणतात.

मालमसाहेब एक बाटली उचलून उजेडात धरतात. "सबको एरंडी का तेल," ते मोडक्या हिंदुस्थानीत म्हणतात. "पेट साफ."

"नको, साहेब." सारंगबाबा फेटा सारखा करतात. आवाज चढवत नाहीत. "तेलानं, पोटात जे उरलंय ते पण जाईल. तेल नको. जहाज फिरवा."

"क्या?"

"वारा पाठीमागून येतोय. तो पळतो तेवढंच आपण पळतोय. हवेच्या नळातून खाली फुंकर पण येत नाय. थोडा वेळ तोंड वाऱ्याकडं करा. माणसं श्वास घेतील."

"उलटा जाना? कप्तान नहीं मानेगा. टाइम जाएगा."

"मग मी सांगतो त्यांना."

मालमसाहेब टोपी काढून कपाळ पुसतात. टोपीच्या आत घामाचं तळं आहे. बाकावरच्या माणसांकडे ते बघतात, मग माझ्या खांद्यावरच्या रिफाकडे. बाटली पेटीत परत ठेवतात.

"बोलो तुम," ते म्हणतात. "मैं बाजू में खडा रहूंगा."

सारंगबाबा कमरेचा पटका सोडतात आणि त्याचं टोक माझ्या हातात देतात. "धर. मी वर जाऊन येतो. करवंटी थांबवायची नाय. एक याला, एक तिला."

"सारंगबाबा, मला झोप येते आहे." माझा आवाज लहान मुलीसारखा येतो. "माझ्या हातून हे होणार नाही."

ते शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबतात.

"झोप मला पण येते गो. पण बोटीवर आगवाले सारंगच भरतो, आपल्या आपल्या गावचे. कंपनीला काय, कुठला का असेना, आगवाला पाहिजे. ह्या हुसेनला मी त्याच्या आईकडून मागून आणलाय. परत गेलो की मला त्याच बंदरात उतरायचं हाय. ती तिथं येऊन उभी असते. माझ्याकडं बघत नाय. माझ्या मागं बघते."

ते वर जातात. त्यांचे तळवे दिसतात, मग तेही दिसेनासे होतात.

मी पुन्हा ओट्यापाशी आहे. हुसेनला करवंटी देते, रिफाला अर्धा चमचा. त्याला, तिला. एका हाताला ओढणीची गाठ, एका हाताला पटका, मधे मी. सिंकवरच्या खिडकीतून एरवी शेजारच्या इमारतीची टाकी दिसते. आज समुद्र आहे. निळा, सपाट, फ्रीजमधून काढल्यासारखा गार. हुसेनही तिकडेच बघतो आहे.

"बाई, जरा सोडा ना. पाय बुडवून येतो फक्त."

"नाही."

"लगेच येतो. आईशप्पथ."

पटका ताणतो. माझा खांदा उखडेल असं वाटतं. तो उभा राहतो आहे आणि त्याच्याबरोबर मी फरशीवरून खिडकीकडे सरकते आहे, रिफासकट. एवढ्या माणसाला मी कशी धरणार? मला सगळं सोडून आडवं व्हायचं आहे, तोही समुद्र चालेल, कुठलाही चालेल. मी टाच ओट्याला रोवते.

"बस खाली!" माझ्या तोंडून असा आवाज निघतो की फावडीसुद्धा थांबतात. "आईची शपथ घेतोस? आई तिथे बंदरात उभी आहे. बस, आणि पी!"

हुसेन बसतो. करवंटी दोन्ही हातांत धरून मुकाट घोट घेतो.

"हिच्यापेक्षा सारंग बरा," तो शेजारच्याला पुटपुटतो.

"मी ऐकलं ते."

"तुमची पोरगी माझ्यापेक्षा जास्त पिते. तिला मोठा चमचा दिलाय."

"ती कुरकुर करत नाही, म्हणून."

आणि खरंच, रिफा तोंड उघडते आहे. चमचा ओठांना लागायच्या आधीच, चिमणीच्या पिल्लासारखं. मी अर्धा चमचा देते. थांबते. ती वाट बघते. मी पुन्हा देते. काही उलटत नाही. पुन्हा. हुसेनच्या पोटरीतला पीळ हळूहळू सैल होतो आहे, भिजलेल्या गाठीसारखा.

मग फरशीवरचा उन्हाचा चौकोन हलतो. सावकाश ओट्यावरून भिंतीवर चढतो, मांडणीवरून, डब्यांवरून, मिठाच्या उघड्या डब्यातून जातो आणि पलीकडच्या भिंतीवर उतरतो. खिडकीतला समुद्र फिरतो आहे. घरघर बदलते. सगळ्यांनी माना वर केल्या आहेत.

आधी वास येतो, मिठाचा. मग वारा. गॅसच्या वरच्या नळातून तो धपकन खाली पडतो, भट्ट्यांच्या ज्वाळा एकदम आत चेपल्या जातात, माझे केस उडतात, रिफा डोळे मिटून दचकते आणि मग तोंड वर करून तो वाराच प्यायला लागते. आगवाले हात पसरून उभे राहतात. हुसेन भिंतीला डोकं टेकतो आणि बसल्या बसल्या घोरायला लागतो.

सारंगबाबा शिडीवर दिसतात, धापा टाकत.

"फिरवलं?"

"फिरवलं. कप्तान म्हणाला, थोडाच वेळ." ते माझ्या हातातून पटक्याचं टोक घेतात आणि परत कमरेला बांधतात. "थोडा वेळ पुरतो."

जायची घाई त्यांना नाही, पण मला कळतं की विचारायचं तर आत्ताच.

"सगळ्यांना परत नेलंत का, सारंगबाबा?"

ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या मागे बघतात. मी वळून पाहते तर तिथे कोणी नाही, नुसती भिंत.

"ह्याला नेणार," ते म्हणतात. मग खाली वाकून रिफाच्या हनुवटीवरचा थेंब अंगठ्यानं पुसतात. "चमचा सरळ धर बग. सांडेल."

मी चमचा सरळ धरते.

पंखा फिरतो आहे. वीज आली आहे. माझी मान भिंतीला अवघडून बसली आहे आणि हात हवेत, चमच्यासकट, अजून सरळ धरलेला. वाटी रिकामी आहे, अगदी बुडापर्यंत. सांडली असेल म्हणून मी फरशीवरून तळवा फिरवते. फरशी कोरडी. रिफाचं झबलं हुंगते, उलटीचा वास नाही. ती जागी आहे आणि चमच्याकडे बघते आहे, जरा रागानं, जणू कोणीतरी मधेच थांबवलं.

आणि मग मला मांडीवरचं ऊन ऊन जाणवतं. आधी वाटतं, दुपारचा उष्माच आहे. मग ते सलवारीतून गुडघ्याकडे उतरतं. मी लंगोटाला हात लावते. लंगोट भिजला आहे, तिच्याखालची गोधडी भिजली आहे, मी भिजले आहे. मी हात नाकाशी नेते आणि मोठ्यानं हसते, इतकं की रिफा घाबरून रडायला लागते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं.

मी डॉक्टरांना फोन करते. ते म्हणतात, "छान. पाजणं थांबवू नका." मी म्हणते, "नाही थांबवणार."

ओढणीची गाठ न सोडताच मी रिफाला कडेवर घेते आणि स्वयंपाकघरात जाऊन मूठभर तांदूळ धुवायला घेते. मिठाचा डबा उघडाच आहे. सलवार बदलायची अजून थोडा वेळ राहू देते.