दिवेलागणीनंतरचं विरजण

बाळीवेशीतल्या आमच्या बोळात दाक्षायणीअक्काइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तशी गत. दारावर थाप पडली तरी तिच्या हातातली भाकरी परातीत पडायची. आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते. नवरा मरेपर्यंत तिला मारत होता, आणि ते सगळ्या बोळाला ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर साली बोळातल्याच रत्नम्मानं युक्ती काढली. कुठं मारहाण ऐकू आली की वाटी घेऊन त्या घरी विरजण मागायला जायचं. एकीमागून दुसरी. भांडायचं नाही, उपदेश नाही. दारात पाच-सहा बायका उभ्या राहिल्यावर कुठला शूर हात उचलतो? दोन घरं तेवढ्यावर शांत झाली.

पण आमच्याच बोळातला रेवणसिद्ध हा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम; कपाळी विभूती आणि डोकं तेज. दिवे लागल्यावर विरजण कुणी देत नाही, मागत नाही, लक्ष्मी जाते. म्हणून तो बायकोला, महानंदाला, दिवेलागणीनंतर मारू लागला. आणि आम्ही शहाण्या बायका वाट्या धरून आपापल्या दाराआड! मी नवी सून, मीही त्यातलीच.

एका संध्याकाळी महानंदाचं ओरडणं मध्येच थांबलं. तेवढ्यात अक्का बाहेर आली. लटलट कापत तिनं रेवणसिद्धची कडी वाजवली.

त्यानं दार उघडलं. हातात पट्टा होता.

"काय पायजे?"

"विरजण."

"दिवं लागल्यावर? माझं घर बुडवाया आलीस व्हय?"

"नसंल द्यायचं तर हितंच बसते की," असं म्हणून ती उंबऱ्यावर बसली.

त्यानं पट्टा उगारला. अक्कानं डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. मार कसा झेलायचा ते तिला पाठ होतं. मला ते बघवेना. मी धावले, रत्नम्मा धावली, मग बाकीच्या. एवढ्या जणी पाहून त्याचा हात खाली आला.

रत्नम्मा आत गेली. महानंदा शुद्धीवर आली होती. तिनं पाणी घेतलं, पण घर सोडायला ती तयार होईना.

"अक्का, चला आता," रत्नम्मा म्हणाली.

अक्का उठेना. तिचे दात वाजत होते.

"मला लई भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. "पण मी उठले की ह्यो दार लावंल."

मग आम्हीही तिच्याजवळ बसलो.