आईच्या आजारपणाचा डायलॉग

मस्कतला आमच्या कंपनीत प्रत्येकाची आई वर्षातून एकदा तरी अत्यवस्थ व्हायची. काहींची दोनदा. करार दोन वर्षांचा, मधेच रजा हवी असेल तर ‘मदर सीरियस’ यापलीकडे कोणाला काही सुचत नसे. माउली गावी मजेत लोणचं घालत असायची आणि इकडे अल् खुवैरच्या ऑफिसात तिचा लेक डोळ्यांना रुमाल लावून उभा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे हिशेब बघायचो.

मालकांना सगळे अर्बाब म्हणत. ओमानी माणूस, हिंदी फडाफडा बोलायचा, पण ती सगळी सिनेमातून शिकलेली. त्यामुळे इन्साफ, बदला, खानदान, कसम हे शब्द तोंडपाठ, आणि स्टेपलर मागायचा झाला की गाडी अडायची. माल उशिरा आला तर ते फोनवर ‘अब फैसला होगा’ असं गरजायचे आणि पलीकडचा मल्याळी शांतपणे ‘ओके सर’ म्हणायचा.

शुक्रवारी सुट्टीला ते कॅसेट आणून सिनेमा बघत आणि शनिवारी ऑफिस उघडलं की मला केबिनमध्ये बोलावून, काळा चहा पाजून, त्याची चिरफाड करत. संवादांच्या बाबतीत त्यांचं नाक फार वर होतं. एका सिनेमात हिरो बहिणीला सांगतो, तू माझी एकुलती एक बहीण आहेस. यावर अर्बाब अर्धा तास भडकले होते. बहिणीला हे माहीत नाही का? तो तिच्याशी बोलतच नाहीये, माझ्याशी बोलतोय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, प्रेक्षकाला कळायला नको का? तर म्हणाले, मला डोळे आहेत, मी बघेन ना.

मला हे पटत नसे. पुण्यात एका एकांकिका स्पर्धेत माझ्या लेखनाला ‘भाषा समृद्ध’ असा शेरा मिळाला होता. तेवढ्या भांडवलावर मी परदेशात संवादलेखक म्हणून वावरत होतो. संवाद म्हणजे कसा, पल्लेदार हवा. माणूस बोलला की पडदा हलला पाहिजे. आमचं हे भांडण कधीच मिटलं नाही.

आमच्याकडे एसी बसवणारा वसईचा एक जण होता. माझ्याशी मराठीतून बोलणारा ऑफिसात तोच एकटा, म्हणून शुक्रवारी चर्च आटोपून तो अझैबाला आमच्या घरी जेवायला यायचा. त्याची बायको पोटुशी असताना तो मस्कतला आला होता. मुलगा झाला तो फोनवर कळला. मस्कतबाहेर बरका गावी मोठं काम निघालं म्हणून त्याची हक्काची रजा दोनदा पुढे गेली होती, आणि आता तिसऱ्यांदा जायची लक्षणं होती. पोराला बघायचंय, एवढंच त्याचं म्हणणं. पण असं सांगितलं तर रजा कोण देणार, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं. मी म्हटलं, मी लिहून देतो.

तो म्हणाला, “माझी आय ठणठणीत हाय. तिला कशाला आजारी पाडता?”

मी त्याला समजावलं की हा फक्त संवाद आहे, आईला काही होत नाही. मग मी लिहिलं, आणि काय लिहिलं! ‘अर्बाब, वतन की दहलीज पर एक बूढ़ी माँ की पथराई हुई आँखें मेरी राह देख रही हैं.’ असं बरंच. माझी बायको अर्बाब झाली, सोफ्यावर ऐटीत बसली आणि तालीम सुरू झाली. तो बिचारा चर्चमध्ये वाचन करावं तसा एका सुरात म्हणायचा. ‘पथराई’ला दरवेळी ठेचकाळायचा. बायको हसून हसून आडवी झाली. मी मात्र दिग्दर्शक, मी काही हसलो नाही.

शनिवारी तो केबिनमध्ये शिरला तेव्हा मी सहीची कागदपत्रं घेऊन आधीच जाऊन बसलो होतो. त्याने सगळं म्हटलं. पथराईसुद्धा पार केलं. अर्बाब हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकत होते, मला वाटलं विरघळले. मग ते त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळले.

“ये तुमने लिखा है.”

मी कागदांत डोकं घातलं.

“जिस की माँ बीमार है, वो दहलीज नहीं बोलता,” ते म्हणाले. “वो माँ बोलता है, फिर उस का गला बंद हो जाता है.” आणि त्याला म्हणाले, “इस का छोड़ दे. अभी तू बोल.”

त्याची टोपी हातात, बोटं तिच्या कडेवरून फिरतायत. मला मनातून वाटत होतं, संपलं, याची रजा माझ्या पल्लेदार भाषेने बुडवली.

“अर्बाब,” तो म्हणाला, “बच्चा बोलने लगा. फोन पे मेरे को अंकल बोलता है.”

हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं. दर शुक्रवारी माझ्या घरी जेवून गेला, आणि हे मला माहीत नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही.

अर्बाबनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, “यल्ला, जा. एक महीना.” बरक्याचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. त्या शनिवारी सिनेमाचा विषय निघाला नाही.

महिन्याने तो परतला. काळवंडला होता, अंगावर थोडं मांस चढलं होतं. आईने पाठवलेला केळ्यांचा सुका हलवा त्याने अर्बाबच्या टेबलावर ठेवला. ठणठणीत आईने केलेला आहे हे सांगायचं त्याने शहाणपणाने टाळलं. अर्बाबनी त्याला समोर बसवलं, माझ्यासाठीही चहा मागवला आणि सिनेमाची गोष्ट विचारावी तसं विचारलं, “बच्चा क्या बोला?”

“पहले डर के भाग गया. मेरे पास आता ही नहीं था,” तो म्हणाला. “आखरी हफ्ते में डॅडी बोलने लगा.”

अर्बाब खुर्चीत पुढे झुकले. “फिर?”

“फिर मैं आ गया.”