खालून कापलेला परिच्छेद

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एका सोमवारी सकाळी, रशीदभाई त्यांच्या बेकरीच्या काउंटरमागे कोसळले. डाव्या पोटरीतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. ते वाचले. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्या गुठळीशी माझा संबंध काय, हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — घरी नाही, कार्यालयात नाही.

मी वृत्तपत्राच्या आरोग्य पुरवणीचं काम पाहतो. हुद्दा उपसंपादकाचा. रशीदभाईंनी मला परस्पर बढती दिली होती. सकाळी पाव घ्यायला गेलो की म्हणायचे, "या संपादक! आज काय काय खपवलंत?" आजोबांपासूनची बेकरी. दिवसभर उभं राहायचं. स्टूल होतं, पण त्यावर खारीचे डबे. "गिऱ्हाईक उभं आणि मी बसलेला, बरं दिसतं का?" असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांनी पायजमा वर करून पाय दाखवला. गुडघ्यापासून खाली निळ्या, गाठी पडलेल्या शिरा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. त्यांचा थोरला भाऊ एका साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता, तो घरी परत आला नाही. "कापाकापी सोडून काही असेल तर छापा ना," ते म्हणाले.

म्हणजे त्यानंतर मी जो लेख मागवला, तो त्यांच्यासाठीच होता. हे मी माझ्या बाजूने सांगतोय का? — नाही. उलट आहे. तो कोण वाचणार, हे मला नावानिशी ठाऊक होतं.

पेठेतच दवाखाना असलेल्या, शिरांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी तो लिहिला. नीट, सोपा. घट्ट पायमोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच घाला. उभ्याचं काम असेल तर अधूनमधून टाचा उचला. चाला. संध्याकाळी पाय उंचावर ठेवून पडा. पाय जड झाले तर घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळा. 'शस्त्रक्रियेविना शिरांवर ताबा' हा मथळा माझा.

दुपारी पान लावत असताना खालची जाहिरात मोठी झाली. लेख कमी करायला हवा होता. आमच्या धंद्यात महत्त्वाचं आधी लिहितात, कमी महत्त्वाचं शेवटी. म्हणून मजकूर खालून कापतात. नवख्याला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. पण डॉक्टरबाई बातमीदार नव्हत्या. वाचकाच्या लक्षात राहावं असं जे होतं, ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

मी ते न वाचता कापलं का? असं असतं तर बरं झालं असतं. मी वाचलं. सावधगिरीचं नेहमीचं शेपूट, असं वाटलं — आणि कापलं. त्यांना फोन केला नाही.

फोन त्यांचाच आला, पुरवणी निघाली त्या सकाळी. "अहो, शेवटचा परिच्छेद कुठे गेला?" मी म्हटलं, जागा नव्हती, पुढच्या अंकात तेवढ्याची चौकट टाकतो. चौकट टाकली नाही. विसरलो? पहिल्या आठवड्यात विसरलो. त्यानंतर आठवत होतं, पण चूक झाली होती हे छापून सांगावं लागलं असतं.

रशीदभाईंनी लेख कापून काउंटरच्या काचेला आतून चिकटवला. तंतोतंत पाळला. शमीमभाभी हसायच्या, "घरी कोणी आलं की आधी यांचे तळवे दिसतात. पाय सदा भिंतीवर!" सूज उतरली. दुखणं कमी झालं. माझ्या पावाबरोबर नानकटाईची पुडी येऊ लागली. मी ती घरी नेत होतो. खात होतो.

मग एका आठवड्यात डावा पाय सुजला, एकटाच. पोटरी गरम लागत होती. लेखात चोळायला सांगितलं होतं. त्यांनी चोळली. हात दुखले की भाभी चोळायच्या.

रुग्णालयाच्या बाकावर भाभी माझ्या शेजारी बसल्या होत्या. आतल्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, पाय चोळला का? त्या स्वतःच्या तळहातांकडे पाहत होत्या.

"भाऊ, त्या बाईंनी आणखी काही लिहिलं होतं का? चोळू नका, असं काही?"

"नाही भाभी," मी म्हणालो. "आलं तेवढं सगळं छापलं."

जे कुणाला सांगितलं नाही, ते हे. कापणं ही चूक होती. हे खोटं मात्र चुकून नव्हतं.

त्यांनी विश्वास ठेवला. गल्लीने ठेवला. 'अर्धं सांगणारी डॉक्टर' हे नाव पडलं, आणि ते उच्चारलं जात असताना मी अनेकदा हातात पाव घेऊन तिथे उभा होतो. त्या बाईंनी पुन्हा आमच्यासाठी लिहिलं नाही.

आता रशीदभाईंच्या उजव्या घोट्याजवळची कातडी काळी पडली आहे. तिथे एक जखम आहे, ती भरत नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या देणारे डॉक्टर म्हणतात, शिरांच्या तज्ज्ञाला लगेच दाखवा. रशीदभाई जात नाहीत. "एकदा ऐकलं ना तज्ज्ञाचं. पुरे झालं." कात्रण काचेला अजून आहे, पिवळं पडलेलं.

मला भीती वाटते. सकाळी गल्लीच्या वळणावर शटर अर्धं दिसलं की मी तिथेच थांबतो. त्या घोट्याची भीती वाटते. आणि त्यांना कळेल याची. दोन्हींत मोठी कोणती? — तीन वर्षं मी गप्प आहे, तेव्हा उत्तर वेगळं सांगायला नको. घोट्याकडे पाहूनही मी गेला महिनाभर फक्त पाव घेऊन परतलो.

हा मजकूर त्याच पुरवणीत, त्याच पानावर येतो आहे. बेकरीत आमचा अंक पहिला पाव विकला जाण्याआधी पोचतो. डॉक्टरबाईंचा मूळ लेख माझ्याकडे आहे. त्याचा शेवटचा परिच्छेद असा होता:

"वरचे उपाय दोन्ही पायांच्या जुन्या, संथ त्रासासाठी आहेत. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम झाली किंवा दुखू लागली, तर पाय अजिबात चोळू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. घोट्याजवळची जखम भरत नसेल, तर घरी वाट पाहू नका. शस्त्रक्रियेची भीती वाटत असली तरी या. भीतीबद्दलही बोलता येईल."