हातातलं धरून मोज

शनिवारची दुपार, डोंबिवली पूर्व, एका वाण्याच्या दुकानावरचं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस... आणि माझा सहकारी संदीप त्याचं मशीन फॉरमॅट करायला निघालेला. नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करायचो आणि त्या मशीनमध्ये असा काही व्हायरस शिरलेला की पुसून टाकण्यावाचून इलाज नव्हता.

"अगं, सगळं सीव्हीएसमध्ये आहे, टेन्शन कसलं घेतेस?" इति संदीप. ज्यांनी सीव्हीएस पाहिलेलं नाही त्यांनी त्याला आजच्या गिटचा आजोबा समजावं. फाइल त्याच्या हवाली केली की तो ती सर्व्हरवर प्रत्येक बदलासकट सांभाळतो... आणि एखादी फाइल हवाली केलेली नसेल, तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह दाखवतो.

संदीपची पद्धत एकदम सोपी. रोज प्रश्नचिन्हं बघायची, दिसतील त्या फाइल्स देऊन टाकायच्या. त्या दिवशी एकही प्रश्नचिन्ह नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत शीळ घालत होती.

मला मात्र काही केल्या चैन पडेना. कारण ते मशीन म्हणजे लेले काकूंचं मशीन होतं.

काकू कल्याणच्या एका छापखान्यात टायपिस्ट होत्या. सगळा जन्म टाइपरायटरवर गेलेला, बोटं न बघता चालायची. छापखान्यात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर मालकाने सांगून टाकलेलं... त्यावर तुमचा हाच हात चालला तर राहा, नाहीतर नवी मुलगी घ्यावी लागेल.

म्हणून आम्ही खास त्यांच्यासाठी जुन्या टाइपरायटरसारखी कीबोर्डची मांडणी बनवत होतो. काकू काम संपवून डोंबिवलीला यायच्या, संदीपच्या याच मशीनवर बसायच्या आणि एकेक जोडाक्षर ठोकून बघायच्या. "अरे, तुझा 'द्य' कुठे पळाला?" असं म्हणून त्यांनी संदीपला रडकुंडीला आणलेलं. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर ही मांडणी वापरलीच जात नव्हती. आणि सोमवारी मालकासमोर दाखवायचं होतं...

आता माझा स्वभाव. शंकेखोर म्हणा, किरकिरी म्हणा, तो आईकडून आलाय. मे महिन्यात गावी जाताना खोपटच्या एसटी डेपोत ती सामानाचे डाग मोजायला लावायची. वर बजावायची, "हातातलं धरून मोज." कारण एकदा वडिलांनी ट्रंका, वळकट्या सगळं चोख मोजलेलं आणि हातातली थर्मासची पिशवी मात्र बाकावरच राहिलेली. हातात आहे म्हणून ती मोजलीच नव्हती ना!

म्हटलं, थांब रे बाबा, प्रश्नचिन्हं गेली खड्ड्यात. सीव्हीएसच्या ताब्यात काय काय आहे त्याची यादी काढू, डिस्कवर काय आहे त्याची यादी काढू, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवू.

संदीप वैतागला. दुसऱ्या यादीत नुसता कचरा जास्त होता... कंपायलरने टाकलेल्या फाइल्स, बॅकअप, अर्धवट प्रती. "बाई, तू आता केर निवडत बसणार का?" तो म्हणाला. हो म्हटलं, बसणार, तू चहा सांग खाली.

चहा आला, गार झाला. मी बोट ठेवून ठेवून खाली येत होते. नव्या पद्धतीच्या कीबोर्डची फाइल, कीज डॉट न्यू, दोन्ही याद्यांत होती. आणि त्या केराच्या मधोमध एकटीच... कीज डॉट ओल्ड.

काकूंची फाइल! सीव्हीएसला तिचा पत्ताच नाही!

मॅन्युअल उघडलं तेव्हा उलगडा झाला... कुठल्या फाइल्सकडे दुर्लक्ष करायचं याची सीव्हीएसची स्वतःचीच एक यादी असते, आपण काही न सांगता. नावाच्या शेवटी 'ओल्ड' असेल तर तो ती जुनी टाकाऊ प्रत समजतो. प्रश्नचिन्हसुद्धा दाखवत नाही. जुन्या टाइपरायटरची मांडणी म्हणून आम्हीच कौतुकाने ते नाव ठेवलेलं, आणि त्याने ती पहिल्या दिवसापासून केरात काढलेली.

आधी ती फाइल फ्लॉपीवर घेतली, मग दुसऱ्या फ्लॉपीवर. मग नाव बदलून सीव्हीएसला दिली, सर्व्हरवरून माझ्या मशीनवर उतरवून घेतली आणि चालवून पाहिली. 'द्य' जागेवर होता. देवा रे... मी खुर्चीत अंग टाकलं आणि मला चक्क हसू फुटलं. संदीपने माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.

सोमवारी कल्याणला काकू पदर खोचून बसल्या. मालक मागे उभा. काकूंनी समोरच्या कागदावरची नजर न हलवता पानभर मजकूर टाइप केला, एकदाही न अडखळता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाकी सगळं तेच आहे गं... पण आवाज होत नाही याचा."

मालक "ठीक आहे, चालू करा" एवढंच म्हणाला आणि आत गेला. काकूंनी माझा हात असा काही दाबला की बांगडी रुतली. शनिवारचं मी त्यांना सांगितलं नाही, कशाला उगाच जिवाला घोर!

घरी येऊन आईला मात्र सगळं सांगितलं. सीव्हीएस, यादी, फाइल... तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आले ना सगळे डाग? मग हातपाय धू, जेवायला बस."

आले गं आई, सगळे आले. हातातलं धरून.